निरवांगीतलं राहून गेलेलं पुण्यानुमोदन

बारामतीकडे जायचं मला स्वतःचं काही कारण नव्हतं. कारण होतं ते ह्यांचं. हे म्हणजे माझे पती. भुसावळला रेल्वेत फिटर होते आणि तीस वर्षं आमच्या भागातले बौद्धाचार्य. लग्न असो, बाळाचं नाव ठेवायचं असो, गृहप्रवेश असो की कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, पांढरा सदरा घालून त्रिशरण-पंचशील द्यायला हे हजर. आमच्या गल्लीतल्या कविताचं लग्नही ह्यांनीच लावलं. मुलगा बारामतीजवळच्या पिंपळीचा, मिलिंद. निघताना पोरगी फार रडायला लागली तेव्हा हे म्हणाले, "उगी. तू घर बांधशील तेव्हा गृहप्रवेशाला मीच येईन. शब्द आहे माझा."

घर बांधायला अकरा वर्षं लागली. मागच्या पावसाळ्यात हे गेले. थंडीत कविताचा फोन आला, "काकू, घर झालं." गृहप्रवेशाचा विषय तिने काढलाच नाही. मीच म्हटलं, "मी येते."

हे शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. लोक विधीसाठी दारात यायचे आणि तसेच परत जायचे, ते बघवेना म्हणून मी शिबिर केलं आणि बौद्धाचार्य झाले. सूत्रं नव्याने शिकावी लागली नाहीत. तीस वर्षं कानावर होती.

पिंपळी

पुण्याच्या पुढे कालव्याच्या पट्ट्यात गाडी शिरली की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्याकडे अशीच केळी असतात. पण केळीच्या बागेत खालून आरपार दिसतं, पलीकडचा माणूस दिसतो. उसात काही दिसत नाही, हिरव्या भिंतींमधून गेल्यासारखं वाटतं. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत रस्ता अडवून चाललेले आणि मागे उसाच्या शेंड्यांचा, वाढ्यांचा चुरा उडत होता.

बारामतीच्या स्टँडवर मिलिंद मोटरसायकल घेऊन आला होता. पिशवी त्याच्या हातात देऊन मी सवयीने फोन काढला, 'पोचले' सांगायला. आणि तो हातात धरून तशीच उभी राहिले. मुलगा हैदराबादला. तो रविवारी फोन करतो, आणि त्या दिवशी होता मंगळवार.

"कुणाला लावायचाय का, काकू?" मिलिंदने विचारलं.

"नाही. वेळ बघत होते."

घर छान बांधलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्चीवर जायला बाहेरून जिना. दाराबाहेर मिलिंदची आई गंगूबाई सगळ्यांना पाणी देत होत्या. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती, शेजारी निळ्या कोटातली तसबीर, मेणबत्त्या, मोगरा. सगळं जागेवर होतं. मी पिशवी उघडली आणि लक्षात आलं की पांढऱ्या सुताची रीळ घरीच राहिली. परित्राण पाठाला ते सूत लागतं. पाण्याच्या कलशाला बांधून सगळ्यांच्या हातातून फिरवायचं आणि शेवटी तुकडे करून मनगटाला बांधायचं. पिशवी नेहमी हेच भरायचे. मी फक्त सूत्रं म्हणायला शिकले, पिशवी भरायला शिकलेच नाही.

दुकान लांब. माणसं बसलेली. घरात होता तो शिलाईचा काळा दोरा. शेजारच्या मळ्यातल्या माळीबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या उठल्या. "टोमॅटो बांधायची सुतळी चालंल का वो? हाय बंडलभर."

मी आधी कलशाकडे पाहिलं. मग म्हटलं, "चालेल. धागा धरायचा असतो, रंग नव्हे."

अशी त्या दिवशी सुतळी फिरली. पाठ संपल्यावर मी प्रत्येकाच्या मनगटाला बांधली. जेवताना निम्मी माणसं मनगट खाजवत होती. माळीबाई तर म्हणाल्या, "आमच्या टोमॅटोला कसं होत आसंल, आज कळलं बघा." सगळे हसले, मीही हसले.

जेवायला वांग्याची भाजी, आमटी, भात आणि बुंदी. आमच्याकडे अशा दिवशी वरण-बट्टी असते. मी पंगतीत बसायला गेले तर चार जणी धावल्या. "आचार्यबाई, तुमी खाली नगा बसू." खुर्ची आली, पुढे स्टूल, स्टुलावर वेगळं ताट. हा मान असतो. पण खुर्चीवरच्या माणसाशी पंगतीतलं कुणी बोलत नाही. सगळ्यांच्या माना खाली आणि गप्पा आपापसात. हे असताना दोन खुर्च्या असायच्या आणि आम्ही भाजीत मीठ कमी की जास्त ते कुजबुजायचो. त्या दिवशी आमटी फर्मास होती. तसं सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

माणसं पांगल्यावर गंगूबाई माझ्याजवळ आल्या. "बाई, एक काम हाय. माझी थोरली बहीण, हौसा, निरवांगीला असती. एकटीच. मूल न्हाय, मालक जाऊन सव्वीस वरसं झाली. तिनं सांगावा धाडलाय, त्या भुसावळच्या बाईला माझ्याकडं लावून दे."

"कशासाठी?"

"त्ये न्हाय सांगितलं तिनं. आमची हौसा लई कमी बोलती."

परतीची गाडी तीन दिवसांनी होती आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. मी हो म्हटलं.

निरवांगी

मिलिंदची कारखान्यात पहिली पाळी होती. त्याने सकाळी मला एसटीत बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली, शेजारची जागा रिकामीच राहिली. इंदापूर तालुक्यात आत शिरलं की कालव्याची हिरवळ तुटते आणि मध्येच माळ लागतो. पिवळं वाळकं गवत, बोरी-बाभळी, लांब कुठेतरी मेंढरं. एका वळणावर गवतात चिंकारा उभा होता. एकटाच. गाडीकडे मान वळवून बघत होता, पळाला नाही. मी इकडे-तिकडे पाहिलं, पण गाडीतले बाकीचे सगळे डुलक्या घेत होते.

फाट्यावर उतरले तर बाभळीखाली काठी टेकून एक ठेंगणी म्हातारी उभी. नऊवारी, कपाळ मोकळं, डोळे मात्र लख्ख.

"तुमीच का त्या भुसावळच्या?"

"हो. जय भीम."

"जय भीम. चला. सकाळधरनं हुबी हाय. गाडीचा काय नेम न्हाय."

वस्तीतलं त्यांचं घर दोन पत्र्याच्या खोल्यांचं. सारवलेलं अंगण, एक शेळी. त्यांनी चुलीवरची गरम भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं पुढे ठेवलं आणि माझ्यासमोरच जमिनीवर बसल्या. खुर्ची त्यांच्या घरात नव्हतीच. मी घास तोडला तशा त्या म्हणाल्या, "माझं पुण्यानुमोदन करायचं हाय. उद्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुणाचं?"

"माझंच. मी मेल्यावर कोन करनार? आत्ताच उरकून टाका. मानसं बोलवा, सूत्रं म्हना, माझ्याबद्दल कुनाला काय बोलायचं त्ये बोलू द्या. मी ऐकते बसून."

शिबिरात असं काही शिकवलं नव्हतं. हे असते तर काय म्हणाले असते, याचा मी माडगं गार होईपर्यंत विचार केला. मग म्हटलं, "हौसाबाई, तसं नाही करता येणार मला. पुण्यानुमोदन गेलेल्या माणसासाठी असतं. तुम्ही समोर जेवायला वाढताय आणि मी तुम्ही गेलात असं कसं म्हणू? खोटं बोलू नये हे शील मीच सगळ्यांना देते. तुमच्यासाठी परित्राण पाठ करते, आयुष्य नीट जावं म्हणून."

"आयुष्य गेलं की नीट. जायचं त्ये गेलं." त्या रागावल्या नाहीत. चुलीतलं लाकूड आत सारलं. म्हणाल्या, "मग माझ्या मालकाचं करा."

"त्यांचं झालं नव्हतं?"

"न्हाय झालं. मातीच्या वक्तालाबी कुनी दोन शबुद म्हनलं न्हाईत. इंदापूरला मानूस धाडला व्हता आचार्य आनाय. त्ये येईस्तवर कुनी थांबलं न्हाय. म्हागनं भाऊ आजारी, मी माह्यारी. राहून ग्येलं ते ग्येलंच."

"सव्वीस वर्षं?"

"व्हय. आता चालतंय का न्हाय?"

"चालतं," मी म्हटलं. "त्याला मुदत नसते."

दुपार कलल्यावर त्या आमंत्रणं द्यायला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. वस्तीतल्या पाच-सहा घरांत सांगून झालं. मग शिवारातून चालत आम्ही एका मळ्यावर गेलो. बाजेवर पासष्टीच्या घरातले एक शेतकरी बसले होते. पांढरी टोपी, अंगात स्वेटर. गावात त्यांना तात्या म्हणतात. आम्हाला बघून ते उठूनच उभे राहिले. समोरच ज्वारीचं शेत होतं आणि बांधावर त्यांच्या सुनेने हुरडा भाजायला घेतला होता.

"उद्या बारा वाजता माझ्या मालकाचा कार्यक्रम हाय," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी यायचं."

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सखारामचा?"

"माझा मालक दुसरा कोन व्हता?"

"येतो," ते म्हणाले. त्यांच्या सुनेने पळसाच्या पानावर हुरडा आणून दिला, वर शेंगदाण्याची चटणी. असा कोवळा, गोड हुरडा मी कधी खाल्ला नव्हता, आमच्याकडे ज्वारी असून. हौसाबाईंनी मात्र दाणाही तोंडात टाकला नाही. सुनेने तांब्या पुढे केला तर म्हणाल्या, "नगं. मी हितलं पानी पीत न्हाय."

मळ्यात मोठी, चिरेबंद विहीर होती. तिच्याकडे त्यांनी जाताना पाहिलं नाही आणि येताना वाटच बदलली. मला विचारायचं होतं. पण त्या पुढे चालत होत्या आणि काठीचा आवाज इतका नेमका येत होता की बोलायचं धाडस झालं नाही.

पुण्यानुमोदन

सकाळी मी फोटो मागितला. फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता. टेबलावर बुद्धमूर्तीशेजारी जागा मोकळी दिसायला लागली, म्हणून मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'सखाराम' लिहिलं. हौसाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागद हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला. "ह्ये त्यांचं नाव व्हय? केवढं सरळ हाय." मग स्वतःच तो भिंतीला टेकवून उभा केला आणि त्यापुढे झेंडूची दोन फुलं ठेवली.

बारापर्यंत पंधराएक माणसं जमली. तात्या सगळ्यांत शेवटी आले आणि उंबऱ्याबाहेरच टेकले. मी त्रिशरण-पंचशील दिलं, सूत्रपठण केलं. ह्यांच्यानंतर पुण्यानुमोदनाचा विधी मी पहिल्यांदाच करत होते. दोनदा ओळ अर्धीच सोडून पुन्हा धरली. लोकांना वाटलं, खोकला. मग नेहमीसारखं विचारलं, "सखारामजींबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला."

कुणी उठेना. जमलेल्यातल्या निम्म्यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, सखारामभाऊ विहिरी खणायचे, पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या विहिरीला पाणी लागायचंच. त्या बसल्या. हौसाबाई भिंतीला टेकून समोर बघत होत्या, उंबऱ्याकडे.

तात्या उठले. टोपी हातात होती.

"सखाराम माझ्या हिरीवर ग्येला," ते म्हणाले. "ह्ये समद्यांस्नी ठावं हाय. दरड सुटली. वर काढला तवा जीव न्हवता. मी तवा चाळिशीतला. पोलीस येत्याल, पंचनामा हुईल, हिरीचं काम बंद पडंल, एवढंच माझ्या डोस्क्यात. हौसाबाई म्हनत व्हती, इंदापूरला मानूस ग्येलाय, जरा थांबा. मी न्हाय थांबलो. घाईघाईनं उरकून टाकलं. लोकांस्नी सांगितलं, पाय घसरून पडला." ते थांबले. स्वेटरची बाही डोळ्यांवरून फिरवली. "त्यो घसरला न्हवता. सकाळीच मला म्हनला व्हता, तात्या, वरली माती वली हाय, आज नगं. मी म्हनलं, उतर."

बाहेर शेळी ओरडत होती. विधीचं पुस्तक माझ्या हातात होतं, पण त्यात पुढचं पान काही यासाठी लिहिलेलं नव्हतं.

"म्होरं?" हौसाबाईंनी विचारलं.

"म्होरं काय न्हाय. एवढंच हाय."

"मग बसा खाली. पानी सोडायचं ऱ्हायलंय अजून."

तात्या बसले. या वेळी उंबऱ्याच्या आत.

जलदानासाठी मी हौसाबाईंच्या हातात तांब्या दिला, समोर ताटलीत वाटी ठेवली. मी गाथा म्हणत असताना वाटी भरून वाहीपर्यंत बारीक धार सोडायची असते. त्यांनी तांब्या एकाच हाताने कलता केला. मी हात लावायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. धार दोनदा तुटली. मी गाथा पुन्हा सुरुवातीपासून घेतली, तिसऱ्यांदाही घेतली. शेवटी वाटी भरली, ताटलीत पाणी सांडलं, ताटलीतून जमिनीवर गेलं. सगळे म्हणाले, "साधु, साधु, साधु."

खीर वाटली. तात्यांनी वाटी घेतली आणि अंगणाकडेच्या बाभळीखाली जाऊन बसले. सगळे गेले तरी ते तिथेच होते. वाटी हातात तशीच. ऊन उतरायला लागलं तसे उठले, वाटी ओट्यावर ठेवली आणि मळ्याकडे निघून गेले. खीर तेवढीच होती.

भांडी घासताना मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"उतर म्हनल्यालं? व्हय. मालकानं निघताना मलाबी माती वली हाय म्हनून सांगितलं व्हतं. त्यो मानूस घसरनारा न्हवता."

"मग इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

"मी बोलून काय? त्यानं बोलाय पायजे व्हतं." राखेचा हात त्यांनी ताटावरून गोल फिरवला. "मी म्येल्यावर त्यो आला असता. रडला असता, बोलला असता. मला काय ऐकू आलं असतं? म्हनून तुमास्नी म्हनलं, माझं आत्ताच करा."

"माफ केलंत त्यांना?"

"त्ये मला कुठं येतंय?" त्या म्हणाल्या. "पर ऐकलं मी."

फाटा

दुसऱ्या दिवशी मला इंदापूरहून पुढची गाडी धरायची होती. हौसाबाई फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. नको म्हटलं तरी. माळावर धुकं होतं, एसटीचा पत्ता नव्हता. दोघी बाभळीखाली दगडावर बसलो. त्या कमी बोलतात आणि माझी बोलायची सवय सुटलेली.

एकदम त्यांनी विचारलं, "तुमचं मालक ग्येलं तवा कोन कोन बोललं?"

"पुष्कळ जण बोलले. मांडव भरला होता. ज्यांची लग्नं ह्यांनी लावली ती जोडपी आली होती, रेल्वेतले आले होते. दोन तास भाषणंच चालली."

"आन तुमी?"

"मी पुढच्या रांगेत बसले होते. पांढरी साडी नेसून."

"त्ये न्हाय. तुमी काय बोलला?"

मी आठवून पाहिलं. आठवण्यासारखं काही नव्हतंच. "मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं. आणि हे वाक्य उच्चारल्यावर मला प्रथमच कळलं की तसंच झालं होतं. सूत्रसंचालकाने यादी वाचली, नावं संपली, समारोपाचं सरणत्तय झालं. बायकोचं नाव यादीत नव्हतं. मीही हात वर केला नाही.

हौसाबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "मग आता बोला. मी हाय की."

काय बोलायचं? भाषणांत सगळं सांगून झालं होतं. समाजकार्य, त्याग, निष्ठा. मी म्हटलं, "ह्यांना गाता येत नव्हतं." हौसाबाई ऐकत राहिल्या. "तीस वर्षं सूत्रं म्हटली, पण सूर कधी लागला नाही. लग्नात मंगलगाथा सुरू झाली की पोरं तोंड दाबून हसायची. हे घरी येऊन विचारायचे, आज बरा लागला ना सूर? मी हो म्हणायचे. प्रत्येक वेळी. शील देणाऱ्या माणसाशी मी तीस वर्षं एवढं एक खोटं बोलले."

हौसाबाईंच्या तोंडात चारच दात आहेत, ते सगळे दिसले.

मग मी थांबलेच नाही. पहिल्या भेटीत ह्यांनी मला दिलेला डबा, त्यातली जळकी पोळी, कारण ती ह्यांनी स्वतः केली होती. हे अंथरुणावर पडल्यावर मी सूत्रं म्हणून बघायला बसले की भिंतीकडे तोंड करून चुका काढायचे. शेवटच्या आठवड्यात बोलणं गेलं, तरी मी चुकले की बोट हलायचं. एके दिवशी मी मुद्दाम चुकले. बोट हलतं का बघायला.

आवाज आला आणि धुक्यातून एसटी बाहेर आली. मी पिशवी उचलून उभी राहिले. ड्रायव्हरने वेग कमी केला. हौसाबाईंनी बसल्या जागेवरून काठी उचलली आणि त्याला पुढे जायची खूण केली. गाडी गेली. पुढची दोन तासांनी होती.

"हाललं का?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा दगडावर बसले आणि पुढचं सांगायला लागले.